खाणीत गेलेली पंगत

राधाकृष्ण तात्यांची छाती गेल्या वर्षभरात चांगली चार बोटं पुढं आली होती, आणि त्याचं कारण आभाळात फिरत होतं. त्यांची थोरली लेक रुपाली पुण्यात एका कंपनीत कामाला होती. उपग्रहानं काढलेले फोटो बघून गावोगावचे चोरून टाकलेले कचऱ्याचे ढीग हुडकायचे, हे तिचं काम. आता हे काम म्हणजे नेमकं काय, हे तात्यांना अर्धंच कळलं होतं. पण बढाई मारायला अर्धं पुरतं.

"माझी पोरगी वरून बघती," काष्टीच्या बाजारात ते एखाद्याला बैलाचे दात बघता बघता थांबवून सांगत. "चार-पाचशे मैलावरनं. कुनी कुठं उकिरडा केलाय, समदं घावतं तिला."

ऐकणारा बैलाचं तोंड तसंच धरून "व्हय का?" म्हणायचा. तात्यांना तेवढं बास व्हायचं. गेल्या दिवाळीत रुपालीनं स्वतःच्याच नकाशातली चूक स्वतःच साहेबाला दाखवली आणि वर बोलणी खाल्ली, ती गोष्टसुद्धा त्यांनी बाजारभर केली होती. "खोटं म्हनून खपत न्हाई तिला," असं म्हणताना त्यांचा सूर असा असायचा, की हा गुण कुठून आला ते ऐकणाऱ्यानं आपलं आपण ओळखावं.

तात्या माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. काष्टीपासून थोडं आत, वाडीच्या तोंडाशी, त्यांनी आईच्या नावानं 'छबूबाई मंगल कार्यालय' बांधलं होतं. पुढं लॉन, मागं भटारखाना, नवरा-नवरीच्या पाठीमागं मोठा चमकणारा पडदा. एखाद्याच्या पोरीचं लग्न अडलं तर तात्या कार्यालय तसंच द्यायचे आणि वर त्याची वाच्यताही करायचे नाहीत. गावात भांडण झालं की दोन्हीकडची माणसं त्यांच्याच ओसरीवर यायची. तात्या बोलले की विषय मिटला, असा वाडीचा रिवाज होता.

पण लग्न म्हटलं की जेवणावळ आली, आणि जेवणावळ म्हटलं की तिचं उष्टंखरकटं आलं. पळसाच्या पत्रावळ्या होत्या तेव्हा ते गुरांनी खाल्लं, मातीनं खाल्लं. आता ताटं चकचकीत, वाट्या प्लॅस्टिकच्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या कमानी, नवरीच्या नावाची थर्माकोलची अक्षरं, आणि त्या सगळ्यात कालवलेला भात. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवाल्यानं पहिल्याच लग्नाला हात टेकले. मग तात्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरवाल्याला, कल्याणला, एक जागा दाखवली. गायरानात खडीची एक जुनी खाण बंद पडलेली होती, भोवती वेड्या बाभळीचं रान. लग्न झालं की उजाडायच्या आत दोन-तीन ट्रॉल्या तिथं रित्या व्हायच्या आणि वर थोडा मुरूम पसरला जायचा.

"कुनी बघितलं तर?" कल्याणनं सुरवातीला विचारलं होतं.

"रस्त्यावरनं काय दिसत न्हाई," तात्या म्हणाले होते.

आणि खरंच दिसत नव्हतं. गंमत अशी, की वर्षभर तात्या उपग्रहाचे गोडवे गात हिंडले, पण उपग्रह आणि खाण या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. दुसऱ्यानं केला तो उकिरडा. आपलं म्हणजे सोय. असंच असतं माणसाचं.

खाणीच्या अलीकडे, गायरानाच्या कडेला, दर हंगामाला ऊसतोडीची टोळी उतरायची. पाथर्डीकडची माणसं. दिवाळी झाली की येणार, पाचटाच्या कोप्या घालून राहणार, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की फाल्गुनात परत जाणार. मुकादमाचं नाव श्रीमंत. नाव श्रीमंत आणि अंगावर एकच धड सदरा, यावर वाडीत बऱ्याच जणांनी आपली विनोदबुद्धी चालवून घेतली होती. ग्रामपंचायतीनं त्यांना एक नळ दिला होता, तेवढ्या नळावर टोळीच्या पंधरा-वीस घरांची तहान भागायची.

मागच्या मार्गशीर्षात आक्काबाईच्या दोन शेळ्या पोट फुगून मेल्या. कापल्यावर आत प्लॅस्टिकचा हा एवढा गोळा निघाला. आक्काबाई एकटी बाई, शेळ्यांवरच तिचं चालायचं. ती तो गोळा पदरात घेऊन रडत तात्यांच्याच ओसरीवर आली, कारण गाऱ्हाणं घेऊन जायची जागा वाडीत तीच होती.

"टोळीवाल्यांचं काम आसंल," तात्या म्हणाले. शब्द तोंडातून कसा सुटला ते त्यांनाही कळलं नाही. "मी बोलतो मुकादमाला."

आणि ते बोललेही. कोप्यांपुढं मोटारसायकल उभी करून त्यांनी श्रीमंतला चार माणसांत खडसावलं. श्रीमंत "व्हय जी, व्हय जी" म्हणत मान हलवत राहिला. परत येताना तात्यांना काहीतरी बोचलं खरं. जेवण गेलं नाही. सकाळी मात्र एका साखरपुड्याची बोलणी होती, आणि त्या गडबडीत बोचणी मागं पडली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला रुपाली येणार, आणि आपल्याच गावातले ढीग पडद्यावर दाखवणार, असं ठरलं तेव्हा तात्यांनी सरपंच सुनीलला सांगून टाकलं, "सभा आपल्या कार्यालयात घ्या. पडदा बी हाय, खुर्च्या बी हायेत."

रुपाली आदल्या दिवशी दुपारी आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण अंगानं वाळलेली दिसली. आई सवितानं तिच्या आवडीचं पिठलं केलं होतं. तात्या शेजारीच ताटावर बसले होते. रुपालीनं भाकरी मोडली, पण घास काही उचलला नाही.

"तात्या," ती म्हणाली, "आपल्या कार्यालयाचा कचरा कुठं जातो?"

तात्यांच्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांना खाण, मुरूम, उपग्रह, सगळं एकदम एका रांगेत उभं राहिलेलं दिसलं.  पण त्यांच्या तोंडाला वर्षानुवर्षांची सवय होती.

"ठेकेदार नेतो की. दौंडकडला हाय कुनीतरी. कल्याण बघतो त्ये."

"नक्की?"

"आता बापाचीबी चौकशी का गं?" तात्या हसले. सविताही हसली. रुपाली हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणखी काही येतंय का याची वाट बघावी तशी. मग तिनं ताट बाजूला सारलं आणि भूक नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर सभा भरली. एरवी ग्रामसभेला गणपूर्तीची बोंब. पण कार्यालयातल्या खुर्च्या, मागाहून चहा-जिलेबी आणि गावची लेक पडद्यावर, म्हटल्यावर बायकाही आल्या. तात्या पहिल्या रांगेत, फेटा बांधून. हाताचे तळवे ते सारखे धोतराला पुसत होते. मागं दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, श्रीमंत आणि टोळीतले आणखी दोघं उभे होते. त्यांना निरोप पाठवून बोलावलं होतं.

रुपालीनं सोपं करून सांगितलं. उपग्रह दर पाचव्या दिवशी डोक्यावरून जातो. माती, पीक, पाणी, प्रत्येकाचा उजेड वेगळा, तसा प्लॅस्टिकचाही वेगळा. ढीग कुजायला लागला की जमीनही भोवतालपेक्षा तापते. मग तिनं गाव दाखवलं. वरून गाव बघितल्यावर माणसं हरखली. "त्ये माझं शेततळं!" "आरं, त्यो आपला गोठा!" असं चाललं. मग खाण आली. बाभळीच्या हिरव्या-काळ्या रानात पांढुरका डाग.

 रुपालीनं दीड वर्षापूर्वीपासूनचे फोटो ओळीनं लावले. आषाढ, श्रावण, भाद्रपद, डाग होता तेवढाच. दिवाळीनंतर तो वाढला. मार्गशीर्षात आणखी वाढला. माघात आणखी. मग फाल्गुन, आणि तिथं फोटो थांबले.

"म्हणजे..." ती पडद्याकडेच बघत म्हणाली, "वाढ कारखान्याच्या हंगामात दिसते. हंगामातच तिथं वस्ती असते." तिचा आवाज वाचून दाखवल्यासारखा होता.

"बगा! म्या म्हनत हुते का न्हाई?" आक्काबाई उभी राहिली. "माझ्या शेरड्या ह्यांच्यापायीच गेल्या!"

मग काय, सभेला वाचा फुटली. कुणी म्हणालं, नळ तोडा. कुणी म्हणालं, कोप्या दुसरीकडं हलवायला लावा, आपल्या गायरानात घाण नको. सुनील सरपंचानं हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि ग्रामसेवकांना म्हणाला, "ठराव घ्या. टोळीनं आठ दिवसांत गायरान सोडावं. नळ आजपासून बंद."

"सायेब," मागून श्रीमंतचा आवाज आला. "आमचा यवढा कचरा कुटला आलाय? आमी सांजच्याला कोरड्यास-भाकर खातो, त्येला काय पलास्टिक लागतंय? आन् निम्म्या हंगामात कुटं जावं जी, बायाबापड्या घिऊन?"

"मग त्यो ढीग काय आभाळातनं पडला व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तात्याही हसणार होते. सुटलो, ही पहिली भावना. खोटं कशाला बोला. खांद्यावरचं ओझं कुणी उतरून घ्यावं तसं त्यांना हलकं वाटलं. त्या हलकेपणात त्यांनी कौतुकानं लेकीकडं पाहिलं.

रुपाली मान खाली घालून उभी होती. तिची बोटं कॉम्प्युटरवर नुसतीच ठेवलेली होती.

दर पाच दिवसांनी फोटो येतो, असं ही आत्ताच म्हणाली, तात्यांच्या मनात आलं. मग फाल्गुनाच्या पुढचे कुठं गेले?

आणि त्यांना एकदम उमगलं. काल ताटावर तिनं विचारलं ते माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत होतं म्हणूनच विचारलं. बापानं आपल्या तोंडानं सांगावं म्हणून तिनं वाट बघितली, आणि बापानं तिच्या तोंडावर दौंडचा ठेकेदार फेकला. ज्या पोरीला स्वतःची चूक झाकता येत नव्हती, तिनं आज बापाची झाकली. त्यांनी कचऱ्यावर मुरूम पसरला होता, तिनं त्यांच्यावर पसरला. आणि त्या मुरुमाखाली पंधरा-वीस घरं गाडली जात होती.

आयुष्यात तात्यांना लाज वाटली नव्हती असं नाही. पण ती वरवरची, चारचौघांत धोतराचा सोगा सुटल्यासारखी. ही तशी नव्हती. ही पोटातून वर आली आणि डोळ्यांत, कानांत, फेट्याखालच्या टाळूत पसरली. आपल्या लेकीला आपण लबाड केलं, भर सभेत, आईच्या नावाच्या कार्यालयात. त्यांना वाटलं, आता इथं बसून राहिलो तर पुन्हा हिच्याकडं मान वर करून बघायचं नाही.

ते उठले.

"रुपा, म्होरलं दाखीव."

 रुपालीनं दचकून वर पाहिलं. "तात्या, बसा ना. झालंय ते."

"झालं न्हाई. चैत-वैशाख ऱ्हायलाय."

"तात्या..."

"वैशाख दाखीव, पोरी."

 तिनं एक बटण दाबलं, मग दुसरं. चैत्र. डाग वाढलेला. मग वैशाख. पांढरा डाग खाणीच्या काठांबाहेर सांडला होता, आधीच्या जवळजवळ दुप्पट. कुणाला सांगावं लागलं नाही; आंधळ्यालाही दिसलं असतं.

"वैशाखात टोळी कुठं हुती?" तात्यांनी सभेकडं तोंड केलं. "पाथर्डीला. आपापल्या घरी. आन् वैशाखात हितं काय हुतं, त्ये तुमा समद्यांना ठावं हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं. वैशाखात इथंच, याच लॉनवर, रुपालीचं लग्न झालं होतं. तात्यांनी गावाला चूलबंद आमंत्रण दिलं होतं. म्हणजे त्या दिवशी वाडीत एकाही घरी चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट, म्हाताऱ्यांसकट, पाव्हण्यारावळ्यांसकट सगळ्यांनी तात्यांच्याच मांडवात जेवायचं. आणि सगळे जेवले होते. आजूबाजूच्या चार वाड्या जेवल्या होत्या. सकाळी नाश्ता, दुपारी पंगत, सांजेला पुन्हा पंगत. पंचक्रोशीत अजून त्या लग्नाचं नाव निघायचं.

"त्यो ढीग माझा हाय," तात्या म्हणाले. "दिवाळीनंतर वाढतो, त्यो कारखान्यापायी न्हाई. तुळशीचं लगीन झालं की मुहूर्त निघत्यात, म्हनून वाढतो. चातुर्मासात मुहूर्त न्हाई, म्हनून थांबतो. कल्याणला मीच सांगितलं हुतं. आक्काबाय, तुझ्या शेरड्या माज्यापायी मेल्या, आन् म्या ह्या मानसावर आळ घेतला. चार मानसांत बोललो त्येला. माझ्या पोरीनं मला काल इचारलं, तवाबी खोटंच सांगितलं."

इतकं बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली.  आक्काबाई मटकन खाली बसली. ती पडद्याकडं बघत होती, त्या पांढऱ्या डागाकडं, आणि तिचं तोंड हळूहळू उतरत गेलं. त्या लग्नात तिनं दोनदा बुंदी मागून घेतली होती. कुठलं ताट आपलं, हे आता कोण सांगणार?

तात्या वाट बघत होते. कुणीतरी उठेल, शिवी हासडेल, निदान तोंड फिरवेल. ती शिवी त्यांना हवी होती. उपाशी माणसाला भाकरी हवी तशी हवी होती.

सुनील सरपंच उठला. त्यानं घसा साफ केला.

"गावकऱ्यांनो, ह्याला म्हनत्यात मोठं मन," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनी कबूल केलं आसतं का? तात्यांनी गावासाठी काय कमी केलंय? आन् खाल्लं तर आपन समद्यांनीच हाय. तवा तात्यांचं नाव ठरावात नको. 'अज्ञात व्यक्तींनी कचरा टाकला' आसं लिहा, ग्रामसेवक. खान पुढंमागं बुजवून घिऊ. तात्यांसाठी जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या. आधी पुढच्या रांगेतून, मग सगळीकडून. बायकांनीही वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं तर येऊन तात्यांचा खांदा थोपटला. ज्या सभेनं घटकाभरापूर्वी नळ तोडायला लावला होता, ती आता भरल्या डोळ्यांनी तात्यांकडं बघत होती, आणि दाराशी उभ्या असलेल्यांशी कुणी अवाक्षर बोललं नाही. तात्यांना वाटलं, शिव्या परवडल्या असत्या. टाळ्यांनी त्यांना असं झालं, की जिथं उभे आहोत ती फरशी फाटावी.

एकटी रुपाली टाळ्या वाजवत नव्हती. ती पडद्याची वायर गुंडाळत होती आणि त्यांच्याकडं पाठ केली होती.

टाळ्या थांबल्या, चहाचे कप खुळखुळायला लागले, लोक खुर्च्या मागं सारायला लागले, तेव्हा श्रीमंत पुढं आला. अनवाणी, दोन्ही हात जोडून. तो सरपंचाकडं गेला नाही, ग्रामसेवकाकडं गेला नाही. तात्यांपुढं येऊन थांबला.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "मंग आमी ऱ्हावं का तितंच? हंगाम सरूस्तर? नळाचं तेवढं बगा जी."

तात्यांनी तोंड उघडलं. 'ऱ्हा की' एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर त्यांनी माणसांना अशाच परवानग्या दिल्या होत्या. बसा, उठा, या, जा. पण ज्याच्यावर आपण आळ घेतला, तो आपल्यालाच विचारतोय, राहू का म्हणून. आणि आपण 'ऱ्हा' म्हणालो तर तो आपलेच उपकार मानत जाणार.  तात्यांनी नुसते हात जोडले. जोडलेल्या हातांवर कपाळ टेकवलं.

श्रीमंत दोन पावलं मागं सरला. त्याच्यापुढं आजवर कुणी माफीसाठी हात जोडले नव्हते. बागायतदारांनी जोडले होते, ते 'आता निघ बाबा' म्हणून. त्याला तेवढाच अर्थ माहीत होता.

"बरं जी," तो म्हणाला. "दोन दिसात उठवितो कोप्या."

तो वळला आणि चपलांच्या ढिगात आपल्या चपला हुडकायला लागला. टोळीतल्या दोघांनी काय झालं म्हणून खुणेनं विचारलं, त्यानं मान हलवली. चहाच्या गलक्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रुपालीच्या आलं. वायर हातात तशीच धरून तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तात्यांकडं सरळ बघितलं.

तात्या धावले. फेटा सुटून गळ्यात आला, त्याचंही भान राहिलं नाही. चपलांवर पाय देत ते दाराशी पोचले आणि त्यांनी श्रीमंतचा हात धरला.

"जाऊ नगं," ते म्हणाले. "आरं, म्या जा म्हनून न्हाई जोडले हात. माझं चुकलं म्हनून जोडले. तुझं गायरान न्हाई, तसं माझंबी न्हाई त्ये. मला इचारू नगं तू, श्रीमंत. मला काय बी इचारू नगं."

श्रीमंतनं हात सोडवून घेतला नाही. एक चप्पल पायात, एक हातात, असा तो उभा राहिला, आणि एवढ्या मोठ्या माणसानं हात धरला म्हणजे आता हा आपल्याकडं काय मागणार, अशा भेदरलेल्या डोळ्यांनी तात्यांकडं बघत राहिला.